कोइम्बतूरचं लांब वळण आणि दादाचं इंजिन

यंदा पुन्हा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर जायचं, हे मी संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या सलीमभाईंच्या गॅरेजात उभ्याउभ्याच ठरवलं. दादाला फोन करून एवढंच म्हणाले की सोबत चल, चालवू नकोस हवं तर. तो म्हणाला, "येतो. ट्रेलर मागं-पुढं घ्यायला माणूस लागंल तुम्हाला."

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. माझी आणि माझ्या मोठ्या भावाची मिळून एक जुनी, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार आहे. वर्षातून एकदा आम्ही ती ट्रॅक डेला नेतो. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. आपापल्या गाड्या आणायच्या, पाळीपाळीनं ट्रॅकवर मनसोक्त पळवायच्या आणि घरी यायचं. गेल्या वर्षी तिथं दादा चालवत असताना इंजिन जाम झालं. आपण चुकीचा गिअर टाकला आणि इंजिन मोडलं, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. तेव्हापासून त्यानं कुठल्याच गाडीचं स्टिअरिंग धरलं नव्हतं. चिकलठाण्याच्या कारखान्यात तो रिक्षानं जायचा. घरात कुणी विषय काढला की उठून जायचा.

सलीमभाईंनी इंजिन उघडलं तेव्हा क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, एक बेअरिंग कोरडं घासून निळं पडलेलं दिसलं. मी वाळूजला टूल डिझाइनचं काम करते, त्यामुळे आम्ही दोघं बरेच रविवार त्या बेअरिंगवर वाद घालत बसलो. माझा संशय तेलावर होता. लांब उजव्या वळणात इंजिनखालच्या चेंबरमधलं सगळं तेल डावीकडे जात असणार आणि तेल ओढणारी नळी हवाच ओढत असणार. सलीमभाईंना ते आधी पटत नव्हतं. इतकी वर्षं नाही झालं, मग आताच कसं, असं ते विचारत. उत्तर त्यांनाच सापडलं. गेल्या वर्षी आम्ही जास्त पकडीचे टायर टाकले होते. गाडी वळणात पहिल्यापेक्षा जोरात जाऊ लागली आणि तेलही तितक्याच जोरानं एका बाजूला जाऊ लागलं.

नवं बेअरिंग बसल्यावर मी पुठ्ठ्यावर माप काढलं आणि तेल एका बाजूला पळू नये म्हणून सलीमभाईंनी चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड केले. तेल थंड ठेवायला एक छोटा कूलर बसवला. डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा काटा, दाब पडला की पेटणारा लाल दिवा आणि काट्याकडं तोंड करून एक कॅमेरा. दादाला यातलं सगळं सांगितलं होतं. तो "बरं" म्हणाला होता, इतकंच.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे पिकअपला ट्रेलर जोडून निघालो. पिकअप सलीमभाई आणि मी आळीपाळीनं चालवणार होतो. बीड, सोलापूर, विजयपूर असा रस्ता. आता चौपदरी झालाय, पण ट्रेलर असल्यावर घाई करू नका. गावाजवळचे गतिरोधक अचानक समोर येतात. दर थांब्याला गाडीचे पट्टे ओढून बघा. टोल ट्रेलरमुळे जास्त लागतो आणि या प्रवासात डिझेल आणि टोल हाच खर्चाचा मोठा भाग. सलीमभाईंच्या घरून डब्यात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, आला होता. बीडच्या पुढं लिंबाच्या सावलीत थांबून आम्ही तो संपवला.

विजयपूरच्या पंपावर डिझेल भरणाऱ्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, की एवढी भारी गाडी बंद पडली का. दादा खाली उतरला होता. तो म्हणाला, "बंद पडू नये म्हणून अशी नेतोय." त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं लांब वाक्य.

तिथंच मुक्काम केला. ज्वारीची रोटी आणि भरली वांगी जिथं मिळतील तिथं खा, हॉटेलच्या पाटीकडं बघू नका. पुढचा मुक्काम तुमकुरूला. बंगळुरू पहाटेच ओलांडलं नाही तर अर्धा दिवस तिथंच जातो, हे आम्ही मागं अनुभवलंय. सेलमला इडली खाल्ली आणि संध्याकाळी कोइम्बतूर गाठलं.

ट्रॅकवर सकाळी हवा छान गार होती. पहिली पाळी माझी. दोन फेऱ्या टायर तापवण्यात गेल्या. मग त्या लांब उजव्या वळणाच्या मध्यावर लाल दिवा लुकलुकला. मी लगेच पाय उचलला. सरळ रस्त्यावर दिवा विझला. पुढच्या फेरीत तिथंच पुन्हा पेटला, तशी मी गाडी आत घेतली.

ट्रेलरच्या सावलीत आम्ही तिघांनी कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. वळण सुरू झालं की काटा खाली, सरळ झालं की वर. दादानं विचारलं, गिअर कुठला होता. मी म्हणाले, चौथा, इंजिन ताणलंही नव्हतं. त्यानं ते चित्रण मागं नेऊन पुन्हा लावलं, कानाजवळ धरून इंजिनचा आवाज ऐकला.

"गेल्या वर्षी बी याच वळणात गेलं," तो म्हणाला.

सलीमभाई हात पुसत होते. "भय्या, उस दिन कोई बी बैठता ना, तो इंजिन जाताच था."

दादा पाण्याची बाटली घेऊन कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. मला त्याच्यामागं जावंसं वाटलं, पण सलीमभाईंनी मानेनं नको म्हटलं.

इंजिन थंड झाल्यावर तेलाची पातळी पाहिली. खुणेवर होती, पण ती खूण साध्या रस्त्यासाठी असते. पडद्यांच्या हिशेबानं आम्ही अर्धा लिटर जास्त घातलं. दुसऱ्या पाळीत मी त्या वळणात हळूहळू वेग वाढवत गेले. दिवा पेटला नाही. नंतर चित्रण पाहिलं तर काटा जरासा हलून जागेवर येत होता. आत आले तर दादा माझ्या दारापाशी उभा होता. म्हणाला, "हेल्मेट दे."

त्याच्या पहिल्या दोन फेऱ्या मी कुंपणाला टेकून पाहिल्या. तिसऱ्या फेरीला गाडी ट्रॅक सोडून आत येताना दिसली, तशी मी धावत पुढं गेले. दादा शांतपणे उतरला आणि त्यानं बॉनेट उघडलं.

"तेल ठीक हाय. पाण्याचा काटा वर चालला होता. म्हटलं बघावं."

रेडिएटरच्या पाइपची एक क्लिप ढिली पडली होती आणि खाली पाणी ठिबकत होतं. अजून दोन-तीन फेऱ्या झाल्या असत्या तर तापून इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं असतं, असं सलीमभाई म्हणाले. क्लिप बदलून पाणी भरलं. दुपारी दादानं पूर्ण पाळी केली आणि शेवटची फेरी, इंजिन निवावं म्हणून, सावकाश मारली. हे तुम्हीही करा. तापलेली गाडी आणून तशीच बंद करू नका.

परतताना सेलमला चहा झाल्यावर त्यानं सलीमभाईंकडून पिकअपची चावी मागून घेतली. मी मागच्या सीटवर जाऊन झोपले.

संभाजीनगरला आल्यावर रविवारी ऑइल फिल्टर कापून उघडला. आतल्या कागदी घड्यांमध्ये धातूची चमक दिसते का, म्हणजे बेअरिंग झिजतंय का, हे दर ट्रॅक डेनंतर बघावं. घड्या स्वच्छ होत्या. इंजिनबद्दल मी आता निश्चिंत आहे असं म्हणणार नाही, पण त्याचं कुठं दुखतं हे कळण्याइतके काटे गाडीत आहेत.

त्या रात्री दादाकडं जेवायला होतो. वहिनींनी विचारलं, गाडी किती पळाली. मला वाटलं तो वेग सांगेल, ते लांब वळण सांगेल. त्यानं ताटात भाकरी मोडली आणि ढिल्या क्लिपची गोष्ट सुरू केली. पाण्याचा काटा कसा हलला, मोह कसा झाला, एक फेरी अजून मारावी असं कसं वाटलं, सगळं सविस्तर.

"मग?" वहिनी म्हणाल्या.

"मग काय, आलो आत," दादा म्हणाला आणि हसला. गेल्या वर्षभरात मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.