तलवारकांद्याचे डेंगळे

चतुराबाईचं माहेर नामपूरचं. तिकडं कांद्याच्या वाफ्यात फूल दिसलं की शेतकऱ्याला आपलंच काही उघडं पडल्यासारखं वाटतं. पातीच्या मधून जाड दांडा वर येतो, टोकाला फुलांचा गोंडा धरतो. त्याला म्हणायचं डेंगळा. खालचं सगळं सत्त्व तो ओढून घेतो आणि कांदा पोकळ राहतो. म्हणून दिसला की मोडायचा. चतुरा नीट चालायला लागली तेव्हापासून आईच्या मागून वाफ्यात डेंगळे मोडत हिंडली होती. मोडताना कट् असा एक ओला आवाज होतो. तो तिला आवडायचा.

लग्न होऊन ती नाशकात आली. नवरा पुंजा टांगा हाकायचा. एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमारास गंगापूर रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या बागेत तिला पाणी घालण्याचं आणि खुरपणीचं काम मिळालं. बाग सांभाळायचा इसाक माळी. दाढी पिकलेला, बोलायला हळू. ती त्याला चाचा म्हणायची.

पावसाळा सरल्यावर इसाकनं बंगळूरहून आलेली एक पेटी तिच्यासमोर उघडली. आत भुशात चपटे, तपकिरी गड्डे होते. चतुरानं एक उचलला, वरची साल नखानं खरवडली आणि म्हणाली, "हाऊ तं कांदाच शे, चाचा."

इसाक हसला. बंगल्याच्या मालकीणबाई, माईसाहेब, त्या फुलाला ग्लॅडिओली म्हणत. इसाक म्हणे गलाडी. पाती फुटून उभी राहिली, तेव्हा चतुरानं तिसरं नाव काढलं, तलवारकांदा. ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. इसाकला त्या झाडाचं कौतुक होतं ते त्याच्या ठेंगणेपणाचं. आदल्या वर्षीच्या उंच जातीला काठ्यांचा आधार देऊनही फुलांच्या प्रदर्शनाला नेताना बैलगाडीत ती कलंडली होती आणि सगळ्या माळ्यांसमोर त्याला मोडके दांडे परत आणावे लागले होते. ही जात गुडघ्याच्या वर जाणार नव्हती. काठी नको, दोरी नको. काही गड्डे त्यानं वाटेच्या कडेच्या पट्टीत लावले, आणि निवडक गड्डे कुंड्यांत, दाटीवाटीनं, म्हणजे फुललेली कुंडी भरगच्च दिसेल. त्या कुंड्या व्हरांड्याच्या पायऱ्यांवर ठेवल्या. यंदाचं प्रदर्शन या कुंड्यांच्या भरवशावर होतं.

विहिरीजवळ आणखी एक वाफा होता. त्यात जुन्या गड्ड्यांची पिल्लं वाढत होती. त्यांतल्या काहींना थंडीत दांडे आले. इसाक चतुराला म्हणाला, यांना आत्ताच फूल नको, आधी गड्डा पोसू दे. तुझ्या भाषेत हा डेंगळाच समज आणि मोडून टाक. चतुरानं सगळा वाफा हां हां म्हणता साफ केला. स्वयंपाकघरातल्या सगुणाबाईला तिनं त्या दिवशी सांगितलं की कांद्याच्या जातीतलं आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. सगुणाबाई म्हणाली, हो बाई, नावातच चतुर तू.

मग येवल्याहून निरोप आला. इसाकची मुलगी रेहाना बाळंतपणात आजारी पडली होती. तो निघाला तेव्हा पुंजाचा टांगा फाटकाशी उभा होता आणि इसाकचं एक पाऊल टांग्यात होतं. "कुंड्यांचंही तसंच बघ," तो म्हणाला. त्याच्या मनात पाणी घालणं होतं, गोगलगाई वेचणं होतं. तिच्या मनात विहिरीजवळचा वाफा होता, मोडलेल्या डेंगळ्यांचा.

दोन-तीन दिवसांनी कुंड्यांतल्या पात्यांच्या मिठीत दांडे फुगलेले तिला दिसले. एका दांड्याच्या टोकाशी लाल रेघ होती. कांद्याच्या डेंगळ्याला लाल रंग कधी नसतो. तिचा हात थांबला. माईसाहेब व्हरांड्यातच गहू निवडून घेत बसल्या होत्या. विचारायचं तर नुसतं तोंड उघडायचं होतं. पण सगुणाबाईही तिथंच होती. चतुरानं दांडा मोडला. कट्. मग पुढचा. सगळ्या कुंड्या झाल्या तशी तिनं दांडे खताच्या खड्ड्यात टाकले. पट्टी उद्या करू म्हणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईसाहेब पायऱ्या उतरताना कुंड्यांशी वाकल्या.

"कळ्या कुठं गेल्या?"

कळ्या. चतुरानं हा शब्द ऐकला आणि हातातली झारी तिला एकदम जड झाली. तिनं मोडलं ते काय होतं, हे त्या एका शब्दानं तिला कळलं. माईसाहेब तिच्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. त्या म्हणाल्या, धोंडाबाईची शेळी असणार, मागं एकदा शिरली होतीच ती कुंपणातून.

धोंडाबाई धुणं करायला यायची. बंगल्यामागच्या खोपटात तिची एक काळी शेळी बांधलेली असे. ती आली तेव्हा तिला बोलणी बसली. माईसाहेब आवाज चढवत नसत, त्यामुळं ते जास्तच लागलं. शेळी इथून हलव, एवढंच त्यांनी शेवटी सांगितलं. धोंडाबाई म्हणत राहिली की शेळी दावं सोडून कुठं गेली नाही. चतुरा तिथंच उभी होती. आता बोलू, आता बोलू, असं करत तिनं रिकाम्या झारीनं एका कुंडीला पाणी घातलं. दुपारी कोणी नसताना खताच्या खड्ड्याशी जाऊन तिनं ते दांडे पाल्यापाचोळ्यानं झाकले. मोडताना नव्हती वाटली एवढी लाज तिला झाकताना वाटली.

संध्याकाळी धोंडाबाई शेळीला आडगावला बहिणीकडं ठेवायला निघाली. शेळी फाटकापाशी अडून बसली. धोंडाबाईनं चतुरालाच हाक मारली, "ये गं, मागून जरा रेट दे." चतुरानं रेट दिला.

इसाक परतला तो खुशीत. रेहाना सावरली होती, नात झाली होती, हुस्नबानो नाव ठेवलं होतं. फाटकातच त्याला शेळीची गोष्ट कळली. तो पायऱ्यांशी उकिडवा बसला. एकेका कुंडीतला खुंट त्यानं अंगठ्यानं चाचपला. मग वाटेच्या कडेच्या पट्टीकडं पाहिलं. तिथं एकही पात हललेली नव्हती, आणि आता तिच्यातून दांडे वर येत होते. तो बोलला तो कुंडीकडं बघूनच.

"शेळीला बोटं असतात का, चतुराबाई?"

एरवी तो तिला नुसतं चतुरा म्हणायचा. त्या 'बाई'नं तिची मान खाली गेली. तिनं सगळं सांगितलं. लाल रेघेचंही सांगितलं, जे तिनं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. इसाकनं ऐकून घेतलं. डेंगळा हा शब्द मीच तुझ्या हातात दिला आणि 'तसंच' म्हणून निघून गेलो, असं तो म्हणाला. माईसाहेबांना तो सांगणार होता. "धोंडाबाईला मात्र तूच सांग. ते माझ्याच्यानं होणार नाही."

धोंडाबाई दगडावर चादर आपटत होती. चतुरानं बोलायला सुरुवात केली तरी ती आपटतच राहिली. मग थांबली, चादर पिळली, आणि पिळता पिळता म्हणाली, "शेळी मुकी म्हणून तिच्यावर ढकललंस. तू तर बोलती व्हतीस."

चतुरा म्हणाली, मी आणते तिला परत.

"आण की. आणि रस्त्यानं कोणी इचारलं कुणाची शेळी, तर तेबी सांग."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी ती आडगावहून शेळी घेऊन निघाली. दावं कधी तिच्या हातात, कधी तिच्या पायात. नेमकं प्रदर्शनाच्या मैदानावरून यावं लागलं. गावोगावचे माळी कुंड्या उतरवत होते. इसाक एका बाजूला उभा होता, मागं हात बांधून. या वर्षी त्याच्याजवळ ठेवायला काही नव्हतं. कुणीतरी हसून विचारलं, "काय बाई, शेळी ठेवता का प्रदर्शनात? कुणाची?" तिला मान हलवून पुढं जाता आलं असतं. ती थांबली. धोंडाबाईची, म्हणाली. हिनं काही खाल्लं नव्हतं, इसाकचाचाच्या कळ्या मी मोडल्या. विचारणाऱ्याला त्यातलं काही समजलं नाही. इसाकला समजलं. त्यानं मागचे हात सोडले, जवळ आला, आणि तिच्या हाताच्या पुढं दावं धरलं.

बंगल्याच्या वाटेवर पट्टी फुलली होती. गुडघ्याइतकी झाडं, खालून वर उमलत आलेली, शेंदरी आणि पिवळी. शेळी त्यांच्याशी थांबली. चतुरानं दावं ओढलं नाही. शेळीनं एका पातीचा वास घेतला, ओठ लावून पाहिला आणि तोंड फिरवून कुंपणाकडचा बाभळीचा पाला ओढायला लागली.

पायऱ्यांवर माईसाहेब उभ्या होत्या; इसाकनं त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि त्या आत गेल्या. धोंडाबाई मागून हात पुसत आली, शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि चतुराच्या हातातून दावं काढून घेतलं.