हळदीकुंकवाचे तीस फॉर्म

ऐका आता माझी फजिती, पण हसायचं नाही! म्हणजे हसालच, निदान चहा संपेपर्यंत तरी थांबा.

माझी भाची ऋचा ठाकुर्लीला राहते, ठाण्याच्या कॉलेजात सायकॉलॉजीत एमए करते. आमच्या बाळकुमच्या घरी आली आणि तीस फॉर्म माझ्या मांडीवर ठेवले. गेल्या दोन आठवड्यांत झोप उडाली का? चिडचिड झाली का? रडू येतं का? समोर चार चौकोन: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, रोज.

"मावशी, नाव लिहायचं नाही. ज्याने त्याने एकट्याने बसून भरायचं. पंधरा दिवसांत दे हं, नाहीतर माझा प्रोजेक्ट बोंबलला!"

एकतीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. तीस कागद म्हणजे काय, अर्धा वर्ग!

कसलं काय! बारा दिवस सोसायटीचे जिने झिजवले. एक म्हणाली, "बाई, मी काय वेडी वाटले का तुम्हाला?" दुसरी रोज "उद्या देते." तिसरीने तर फॉर्म पोळ्यांच्या डब्यात तळाला घातला! हातात एकही भरलेला कागद नाही. माझी झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं, आमच्या ह्यांच्यावर तर मी उठता-बसता खेकसत होते.

तेराव्या दिवशी डोकं चाललं. वाटलेले कोरे फॉर्म परत आणले, पोळ्यांच्या डब्यातलासुद्धा! संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं, एकोणतीस बायका बोलावल्या आणि वाण काय दिलं? पेन! कुंकू लावलं, तिळगूळ दिला, फॉर्म पुढे केला.

"भरल्याशिवाय कुणी उठायचं नाही!"

कदमवहिनींनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. "अहो बाई, कपाळाला कुंकू लावून 'आयुष्यात काही अर्थ वाटत नाही' यावर खूण करू? शोभतं का?"

तांडेलकाकू लगेच, "अगो बाय, सणाचे दिवशी असला वंगाळ लिवाचा नाय!"

झालं! सगळ्यांच्या खुणा पहिल्या चौकोनात, 'कधीच नाही'! मी आपली फिरतेय, "शेजारचीचं बघू नका! बोलू नका!" ऐकतंय कोण?

कदमवहिनींच्या सुनेने 'रडू येतं' समोर 'बऱ्याचदा'वर पेन टेकवलेलं, सासूकडे पाहिलं आणि हात सरकवला. मला दिसलं. वाईट वाटलं हो, पण मला कागद हवे होते, मी पुढे सरकले.

एक फॉर्म उरला. सगळ्या गेल्यावर तो मीच भरला. एकटीने बसून, अगदी खराखुरा.

ऋचा आली, चाळायला लागली आणि तिचा चेहराच उतरला. "मावशी, एकोणतीस बायका एकदम सुखी? अगं, मॅडम हे तोंडावर फेकतील माझ्या! कॉपी केलीये ही!"

कॉपी! माझ्या वर्गात!

मग तिच्या हातात तिसावा आला. ती एकदम गंभीर झाली. "हा एकच खरा आहे. झोप नाही, धडधड, चिडचिड रोज. या बाईंशी कुणीतरी बोलायला हवं गं. गेल्या दोन आठवड्यांत यांच्या घरात काहीतरी भयंकर घडलेलं दिसतंय."

"घडलंय ना!" मी ओरडले. "तू फॉर्म घेऊन आलेलीस!"