टोपीवर हेल्मेट बसत नाही

आमच्या घरात दोन सायकली आहेत. एक माझ्या नऊ वर्षांच्या लेकीची, गुलाबी. दुसरी सासऱ्यांची, काळी, माझ्या लग्नाच्याही आधीची; तिच्यावरून ते रोज आपल्या दुकानात जातात. लेक सायकल घेऊन बाहेर पडली की मी दारात येऊन उभी राहते, कारण शुक्रवार पेठेतल्या आमच्या वळणावर म्हैस, रिक्षा आणि माझी लेक एकाच वेळी येतात आणि तिघांपैकी ब्रेक कुणीच लावत नाही. म्हणून मी हेल्मेट आणलं.

लेकीनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "आज्जाचं कुठाय?"

"आज्जा मोठे आहेत."

"मोठ्यांचं डोकं दगडाचं असतंय का?"

हो म्हणायचा मला फार मोह झाला, पण सासरे समोरच बसले होते. तिनं अट घातली. आज्जा घालेल तर ती घालेल, नाहीतर नाही.

मग दुसरं आणणं आलं. अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते सरळ डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीवरच चढवलं. ते खाली बसेना, उतरंडीतल्या वरच्या गाडग्यासारखं डुगडुगत राहिलं.

"टोपी काढा की अप्पा."

मी धोतर फेडायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "घरात कोन गेलंय व्हय, बोडक्यानं फिराय?"

त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या वयाचा माणूस उघड्या डोक्यानं रस्त्यात दिसला, की त्याच्या घरात मयत झालीय असंच आमच्याकडं समजतात. पण माझं माहेर दुधनीचं, मीही हट्टाला कमी नाही. शेवटी तोडगा निघाला. टोपी घरातच काढून खिशात ठेवायची, हेल्मेटही घरातच घालायचं आणि दुकानात पोचल्यावर आडोशाला अदलाबदल करायची.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी अप्पा पानपट्टीवर थांबले, उकडतंय म्हणून हेल्मेट काढलं, टॉवेलनं डोकं पुसलं आणि कुणाशी तरी ज्वारीच्या भावावरून वाद घालत बसले. टोपी खिशातच राहिली. गल्लीला तेवढं पुरलं.

दुपारी मागच्या घरातल्या काकू डोळ्याला पदर लावून पिठलं-भाकरी घेऊन आल्या. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारीच जेवण आणतात. दार उघडलं ते सासूबाईंनी. गुडघ्यांमुळं त्या महिनाभर घराबाहेर दिसल्या नव्हत्या, तेव्हा गेल्या त्या त्याच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. काकूंची बोबडी वळली.

सासूबाई म्हणाल्या, "आनलंयसा तर ठेवा. मीच जेवते की."

आणि जेवल्या. मीही दोन घास खाल्ले, पिठलं लई झकास होतं.

अप्पांना मात्र ते झोंबलं. "जित्या बायकूचं पिठलं आलं या डबड्यापाई," म्हणत त्यांनी हेल्मेट फळीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी लेकीनं आपलंही त्याच्या शेजारी नेऊन ठेवलं. शब्दाला ती पक्की आहे, आज्जावर गेलीय.

मग माझं हसू आटलं. मी ओरडले, गोड बोलले, सायकलीला कुलूप लावायची धमकी दिली. तोवर ती गल्लीत पोचलीसुद्धा. अप्पा दारापुढच्या कट्ट्यावर बसून बघत होते. वळणावर टेम्पोचा ब्रेक कर्कश वाजला. लेक पडली नाही, टेम्पोवाल्याच्या शिव्या ऐकून ती दात काढत परत फिरली. मला त्या क्षणी तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि रडावंसंही वाटलं.

अप्पा कट्ट्यावरून उठून आत गेले आणि दोन्ही हेल्मेटं घेऊन आले. भर गल्लीत, सगळ्यांना दिसेल असे उभे राहिले. टोपी काढली, नीट घडी घातली, खिशात ठेवली. इतक्या वर्षांत त्यांचं टक्कल उन्हात मी पहिल्यांदाच पाहिलं. पट्टा लावायला त्यांना बराच वेळ लागला, पण आडोसा त्यांनी शोधला नाही.

समोरच्या दुकानदारानं गल्ल्यावरून मान बाहेर काढली. "अप्पा, आज कोन गेलं?"

"कोन न्हाय," अप्पा म्हणाले आणि छोटं हेल्मेट लेकीपुढं धरलं. "कोन जाऊ नये म्हनून काढलीय."

लेकीनं डोकं पुढं केलं.