रोवणीचा नंबर

२० जुलै, रविवार. काम : अठरा बायांचा चहा.

सकाळी सहाला मोठ्या गंजात पाणी चढवलं, आलं ठेचलं, आणि साडेसातला किटली आणि कागदी कप घेऊन मी आमच्या बांधावर उभी राहिले. अड्याळजवळ आमची तीन एकर धानाची शेती आहे. शुक्रवारी ट्रॅक्टरने चिखल करून घेतला होता. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाफ्यात महिनाभराच्या वर झाली होती. आणखी लांबली तर त्यांना फुटवे कमी येतात, आणि घरी खायचा वर्षाचा तांदूळ याच शेतातून येतो. आज रोवणी, म्हणजे या रोपांची लावणी, होणं भागच होतं.

रोवणीच्या टोळीतल्या अठरा बाया आल्या. पदर खोचून, एकामागे एक माझ्या बांधावरून चालत गेल्या आणि शेजाऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरल्या.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या भागात इंग्रजीतला सर्वांत जास्त राबवलेला शब्द नंबर असावा. सहावीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर लिहिलं, नंबर म्हणजे संख्या. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, माह्या बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला. थे का संख्या लागली?" मग सगळा वर्गच सुरू झाला. चष्म्याचा नंबर, शेताचा गट नंबर, फोनचा नंबर, मटणाचा रस्सा एक नंबर, कोणाचा तरी मामा दोन नंबरचं काम करतो, तो कोणाचा हे मी विचारलं नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने दोन बोटं वर केली. ते उदाहरण आहे की अडचण, हे कळेपर्यंत तो दाराबाहेर होता. कारध्याला नदीकाठच्या स्मशानात कोणाला पोचवून परत येताना आमच्याकडची म्हातारी माणसं "आता आपला नंबर" म्हणतात आणि लगेच चहाची चौकशी करतात. फळा भरला आणि माझी संख्या कोपऱ्यात एकटी पडली.

यातलं नंबर लावणं हे माझं खास क्षेत्र. भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं तर नवरा सकाळी जाऊन बाकावर पिशवी ठेवावी म्हणतो. मी आदल्या दिवशीच फोनवर नंबर लावून मोकळी होते. माझ्यामुळे घरातलं कोणी कधी ताटकळलं नाही, हे मी नातेवाइकांना पुष्कळदा सांगितलं आहे. रोवणीचाही नंबर मी जूनमध्येच फोन करून लावला होता. पहिला.

म्हणून मी बांधावरूनच टोळीच्या म्होरक्या मावशींना हाक मारली. "मावशी, इकडं या. आज आमचा नंबर आहे."

"कोण म्हणते?"

"मी जूनमध्ये फोन केला होता. तुम्ही हो म्हणालात."

"म्हटलं ना. फोनवर नाही कोण म्हणते, बाई?"

बाया हसल्या. एकजण म्हणाली, "बाईनं हजेरी घेतली वाटते. आपण साऱ्याच गैरहजर."

"मग नंबर लागतो तरी कसा?" मी विचारलं. बावीस वर्षं या गावात राहून हा प्रश्न विचारायची लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली.

मावशी सावकाश बांधावर आल्या. "जिच्या घरची बाई आमच्यासंग वाकते, तिची बांधी आधी. बाकीच्या मंग. तुमची सासू दरसाल चार दिवस येत होती."

"त्यांना जाऊन दीड वर्ष झालं."

"मले माहीत आहे. गेल्या साली आलो ना तुमच्याकडं? थे त्यायच्या दिवसांवर आलो. थे दिवस सरले आता."

सासूबाई गुडघे दुखत असतानाही लोकांच्या बांधीत जायच्या. मला वाटायचं, त्यांना घरात करमत नाही. एकदा मी त्यांना बसवून समजावलंही होतं की मजूर मिळतात, तर तुम्ही कशाला चिखलात उतरता. त्या म्हणाल्या, "तुले नाही समजत," आणि डबा घेऊन निघाल्या. मी नवऱ्याला म्हटलं होतं, तुझी आई हट्टी आहे.

"मग आता आमच्याकडे कधी?"

"बाकीच्या झाल्या की. पंधरा दिवस धरा."

"पंधरा दिवसांत पऱ्ह्यांचं गवत होईल."

"होईन," मावशींनी लगेच मान्य केलं.

मी म्हटलं, आमचे हे येतील चार दिवस. चिखलातून आवाज आला, "थे वाकतीन कसे? पोट आडवं येईन."

"घरची बाई म्हटलं मी," मावशी म्हणाल्या.

"मी आले तर?"

त्यांनी माझ्या चपलांपासून चष्म्यापर्यंत एकदा पाहिलं. "उद्या सोमवार आहे. शाळा?"

"रजा टाकते."

"उद्या पुरा दिवस टिकलात तं गुरुवारी तुमच्या बांधीत येतो. बाकीचे तीन दिवस मागून द्या. मधातच घरी गेलात तं बाकीच्यात."

"ठीक."

"मंग चहा द्या. थंडा होऊन राहिला." दुसरा कप घेताना त्यांनी एवढंच सांगितलं की चहाने नंबर लागत नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाला, "तू रोवणार?"

"काहून, जमणार नाही मला?"

"वाकायचं जमेल. परत सरळ कोण करेल तुला?"

मी मुख्याध्यापकांना रजेसाठी 'घरगुती काम' असं कळवलं. संध्याकाळी परसात मेथीची जुडी घेऊन वाकायचा सराव केला. दहा मिनिटांत मेथी संपली आणि कंबरही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला, चष्म्याला दोरी बांधली आणि शेजाऱ्याच्या बांधीत उतरले. मावशींनी मला टोळीतल्या दोन चटपटीत सुनांच्या मध्ये उभं केलं. त्या दोघी हात-दोन हात पुढे निघून गेल्या तेव्हा माझी पाच चुडं, म्हणजे रोपांचे पाच झुपके, लागली होती. मावशी मागून आल्या आणि त्यांनी पाचही उपटली. "मूठभर नाही, मॅडम. तीन-तीन काड्या. अन् एवढं खोल नका खुपसू." मी उपटलेली रोपं पाण्यात धुतली, तीन-तीन वेगळी केली आणि पहिल्यापासून लावायला वाकले.