'पुट अप विथ'ची सतरा उदाहरणं

इंग्रजीचे मास्तर पहिल्यांदा माझ्या छापखान्यात आले, तेव्हा त्यांचं नाक इतकं मुरडलेलं होतं की कानाला टेकायला बोटभर अंतर उरलं होतं. मला वाटलं, शाईच्या पिंपात उंदीर मेलाय. दोनदा वाकून पाहिलं. उंदीर नव्हता. मास्तरांना फक्त मेहुण्याची आठवण झाली होती.

हा बायकोचा भाऊ आठ दिवसांसाठी आला आणि चार वर्षं मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत तंगड्या पसरून पडला. मास्तरांची शिकवणी त्याच खोलीत चालायची. ती भाड्याच्या गोदामात गेली. खोली परत मिळावी, एवढंच मास्तरांना हवं होतं. पण बायकोपुढे त्यांची दातखीळ बसायची.

म्हणून ही छापायला आणलेली पुस्तिका. अख्खी 'पुट अप विथ'वर. म्हणजे नकोसं ते मुकाट खपवून घेणं.

"आवडत्या माणसाला हे क्रियापद लावायचं नाही," मास्तर म्हणाले. "किळस यायला हवी. आणि उदाहरण डोळ्यांनी पाहिलेलंच देणार."

पहिलं उदाहरण: साबणाच्या डबीत पायाची नखं साठवणाऱ्याला मी खपवून घेतो. दुसरं: माझ्या कपात कवळी भिजवणाऱ्याला मी खपवून घेतो. पाचव्याला मी हातातला चहा ओतून दिला. बाराव्याचे अक्षरांचे खिळे जुळवायला माझा कामगार तयार होईना. ते उदाहरण मीच जुळवलं, नाकाला रुमाल बांधून. इथे मात्र ते सांगणार नाही.

"मास्तर, त्याने वाचलं तर?"

"वाचावं म्हणूनच छापतोय. लाज वाटेल, बॅग भरेल."

उरलेल्या प्रती द्यायला मी मास्तरांच्या घरी गेलो, तेव्हा मेहुणा वाचतच होता. कानात घातलेलं बोट काढून त्याच बोटाने पान उलटत होता. मग हसत हसत बहिणीला एकेक वाक्य मराठीत सांगू लागला.

"ताई, भावजींचं लक्ष बघ माझ्यावर. सख्ख्या आईचं नव्हतं एवढं."

ताई हसली नाही. मास्तरांकडे वळून म्हणाली, "एकवीस वर्षं तुमचं घोरणं ऐकतेय मी. छापलं का कुठे?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रती मोजायला लागलो.

त्याच आठवड्यात तिने भावाला त्या खोलीत नवं कपाट घेऊन दिलं. खोली आजही त्याच्याकडेच आहे.