आमी हितंच हाव

रात्रपाळीला पहिला फोन हमखास दारुड्याचा येतो. त्याला ॲम्ब्युलन्स हवी असते ती धाब्यावरून घरी सोडायला. "ताई, तुमची गाडी फुकट हाय न्हवं? मग पाठवा की," असं तो अगदी मुद्द्याचं बोलतो. नोकरी नवीन होती तेव्हा मी अशांना समजावत बसायची. आता ऐकून घेते आणि फोन ठेवते.

धाराशिवात एका संस्थेची रुग्णवाहिका सेवा आहे, तिच्या कंट्रोल रूममध्ये मी फोन घेते. जिल्ह्यातून कुठूनही फोन येतो. पेशंट कुठं आहे, काय होतंय, एवढं विचारायचं आणि जवळची मोकळी गाडी तिकडं सोडायची. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात, तुझं बरं आहे, एसीत बसून पगार. खरंच आहे. पगार बसूनच मिळतो. पण तिकडं माणूस तडफडत असताना इकडं खुर्चीत बसून राहायचं, याला काय लागतं ते त्यांनी एक रात्र बसून बघावं.

आमच्या भागात माणूस पडलं की घरात कुणी बसत नाही, ही इथली रीतच आहे. ॲम्ब्युलन्सला फोन करतात, आणि फोन चालू असतानाच कुणीतरी जीपवाल्याला उठवायला पळतं. कारण गावात सगळ्यात वाईट बोल कुठला, तर "बघत बसले". वाट बघत बसले आणि माणूस घालवलं. हा बोल एकदा लागला की जन्मभर सुटत नाही, लग्नकार्यातही कुणीतरी तो काढतंच. उलट जीपमध्ये घालून नेताना माणूस गेलं, तर लोक म्हणतात, पोरांनी काही कमी केलं नाही. मग कोण थांबेल? मीही थांबणार नाही.

आमच्या गाडीत डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो, सलाईन असते. जीपमध्ये चादर असते. हे लोकांना कळत नाही असं नाही. त्यांचा हिशोब असा की आपण निघायचं, गाडी समोरून त्याच रस्त्यानं येईल, तिला हात करायचा आणि पेशंट तिच्यात घालायचा. हिशोब वाईट नाही. पण आमच्या स्क्रीनवर एक बटण आहे, 'रुग्ण हलवला' असं. कुणी म्हणालं "आम्ही निघालोय", की ते दाबायचं. दाबलं की केस बंद आणि गाडी दुसऱ्या कॉलला मोकळी. नियम वेडा आहे असंही म्हणता येत नाही. जिल्हा एवढा पसरलेला आणि गाड्या मोजक्या. एका गाडीनं दुसऱ्या गाडीमागं किती धावायचं?

लोक मात्र शहाणे झाले. खरं बोललं की गाडी माघारी जाते, हे एका गावाला कळलं की दहा गावांना कळतं. मग सगळेच म्हणू लागले, आम्ही घरीच आहोत. फोनमध्ये इंजिन घरघरतंय, गिअर खरखरतोय, आणि माणूस म्हणतंय घरीच आहोत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी, वयानं माझ्याहून लहान पण जिभेनं तिखट, तो म्हणायचा, "ताई, आपल्या जिल्ह्यात घरांना चाकं आहेत." आम्ही हसायचो. रात्रभर जागायचं तर हसावं लागतंच.

त्या रात्री मी हसले नाही.

थंडीचे दिवस होते. फोन लोहाऱ्याकडच्या एका गावातून होता, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या. पलीकडं एका म्हातारीचा आवाज. "सून हाय माझी. दिवस भरल्यात. रगात लई चाललंय, बाई, थांबंनाच झालंय." मी गाव विचारलं, गल्ली विचारली. अशा गावात सगळी घरं एका साच्यातली, म्हणून घराची खूणही विचारली. तिनं नीट सांगितली. दारापुढं निंब, बाजूला पाण्याची टाकी. त्या गावाला नेहमी लोहाऱ्याच्या रस्त्यानं जाणारी गाडी हायवेवरच्या अपघाताला गेली होती. म्हणून मी उमरग्याकडची गाडी सोडली. ती गावात पलीकडच्या तोंडानं शिरणार होती.

थोड्या वेळानं मी उलटा फोन लावला. बाई शुद्धीवर आहे का, पाय वर करून ठेवलेत का, हे विचारायला. फोन उचलला गेला आणि आधी इंजिनच ऐकू आलं. मग एका बाप्याचा आवाज, "जरा सरका, तिचं डोकं घ्या मांडीवर."

"मावशी, तुम्ही निघालात का?"

"न्हाय बाई. आमी हितंच हाव."

"मावशी, गाडी उमरग्याकडून येतीय. तुम्ही लोहाऱ्याच्या रस्त्याला लागला असाल तर ती तुम्हाला भेटणार नाही. मागं राहील. खरं सांगा. मी रद्द करत नाही."

"हितंच हाव म्हनलं की. दारात हुभी हाय मी."

माझा आवाज चढला. "मावशी, मला जीप ऐकू येतीय. तुमच्या सुनेसाठी विचारतीय मी. गाडीत रक्त थांबवायचं इंजेक्शन आहे. कुठं आहात तेवढं सांगा, मी गाडी तिथं आणते."

त्यावर ती बाई जे बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं. आवाज रडका नव्हता, रागाचा होता. "मागल्या साली मालकाच्या छातीत दुखाय लागलं. तवा खरं सांगितलं म्या, निघालाव म्हनून, वाटंत गाठा म्हनून. तवाबी अशीच एक बाई गोड बोलली. गाडी माघारी गेली. मालक जीपमंदीच गेले. आता न्हाय सांगनार. तुमी गाडी पाठवा, आमी हितंच हाव." आणि तिनं फोन ठेवला.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. तिचं तर घर पोळलं होतं. मी पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. जीपवाल्याचा नंबर माझ्याकडं नव्हता. मी हेडफोन लावून बसले आणि स्क्रीनवर माझ्या गाडीचा ठिपका त्या रिकाम्या घराकडं सरकताना बघत राहिले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लहानपणी शाळेत ही म्हण वाक्यात वापरून दाखवायला सांगायचे.

ड्रायव्हरचा फोन आला. "ताई, निंब हाय, टाकी हाय, दाराला कुलूप हाय. शेजारी म्हणत्यात कवाच गेले."

नियमानं आता बटण दाबायचं होतं. मी दाबलं नाही. म्हटलं, लोहाऱ्याच्या रस्त्यानं सुटा, जीप गाठा. तो म्हणाला, "साहेबांना स्क्रीनवर दिसंल." मी म्हटलं, दिसू दे. शेजारचा सहकारी माझ्याकडं बघत होता.

जीप त्यांना गाठता आली ती दवाखान्याच्या फाटकात. पोर वाटेतच जन्मलं होतं. ड्रायव्हरनं फोन केला आणि एवढंच म्हणाला, "पोरगी हाय. आई न्हाय, ताई." मी हेडफोन काढला, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. मग तोंड धुऊन परत आले, कारण फोन वाजत होता. कुणाला तरी विंचू चावला होता.

पुढं मला मेमो मिळाला, गाडी विनाकारण अडकवून ठेवल्याबद्दल. मीटिंगही झाली. साहेबांनी त्या कॉलचं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. लोक कशी चुकीची माहिती देतात याचा नमुना म्हणून. "आमी हितंच हाव" आलं तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. म्हातारी नवऱ्याचं सांगते तो भाग ऐकवलाच नाही, त्याच्या आधीच थांबवलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, पुढचंही लावा. साहेब म्हणाले, "मॅडम, भावनेनं सेवा चालत नसते." मी म्हटलं, मग कशानं चालते? बाईला बघायला गाडी गेली होती की कुलपाला? सहकाऱ्यानं माझी ओढणी ओढून मला खाली बसवलं.

त्यानंतर गावोगावच्या बसथांब्यांवर पोस्टर लागली. 'रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णास हलवू नये. योग्य माहिती द्यावी.' बैल गेला अन् झोपा केला, तोही कागदाचा. बटण होतं तिथंच राहिलं. नव्या मुली कामावर लागल्या की त्यांना ते रेकॉर्डिंग अजून ऐकवतात. त्या म्हातारीची नात आता चालायला लागली असेल. इकडं तिची आजी एसी खोलीत दर बॅचला खोटं बोलते आणि दर बॅचला कुणीतरी हसतं.

मीही नव्या मुलींना शिकवते. कॉल करणाऱ्याला विश्वासात घ्या, खरं बोललं तर मदत लवकर मिळते असं सांगा. पोपटासारखं सांगते. घरी आल्यावर जेवण जात नाही.

यंदा उन्हाळ्यात सुट्टी काढून माहेरी गेले होते, परंड्याकडं. वडील पहाटे अंगणात तोंड धुता धुता खाली बसले आणि उठेनात. तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. आई ओरडली. भाऊ कुणाला काही न विचारता जीपवाल्याकडं पळाला. मी, जी रोज रात्री लोकांना सांगते की हलवू नका, मी वडिलांच्या काखेत हात घातले आणि त्यांना जीपमध्ये चढवलं. अंगणात चुलते जमले होते, शेजारी जमले होते. वाट बघत बसायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

वडील वाचले, हे सांगून टाकते. बार्शीला जीपनंच पोचलो. हात अजून नीट चालत नाही, पण आहेत. आमची गाडी आम्हाला भेटली नाही. ती आमच्या कुलूप लावलेल्या दारापर्यंत जाऊन आली, असं नंतर कळलं. तेवढ्या वेळात तिची दुसऱ्या कुणाला गरज पडली होती का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. मला त्याची लाज वाटत नाही, राग येतो. ज्यांनी ते बटण बसवलं त्यांच्या घरचं कुणी कधी जीपमध्ये आडवं पडलंय का, एवढंच मला विचारायचं आहे.

त्या पहाटे गाव सुटलं तसा मी फोन लावला. आपल्याच नोकरीच्या ठिकाणी पेशंटकडून फोन लावायची ती पहिलीच वेळ. रात्रपाळी संपत आली होती आणि फोन माझ्या त्या सहकाऱ्यानंच उचलला. मी आवाज ओळखला, त्यानंही ओळखला. "ताई?" म्हणाला. मी सांगितलं, वडील आहेत, लकवा वाटतोय. त्यानं गाव लिहून घेतलं. मग विचारावंच लागतं म्हणून त्यानं विचारलं, "पेशंट कुठं आहे?"

वडिलांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जीप खड्ड्यात आपटत होती, जीपवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. हे सगळं त्याला ऐकू जात होतं. काय ऐकू जातं ते माझ्याइतकं कुणाला माहीत? त्याचं बोट कुठल्या बटणावर आहे, तेही माहीत होतं.

"हितंच हाव," मी म्हणाले. "दारात हुभी हाय मी."