निळं की साधं

विरूपाक्ष माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन लातूरच्या या घरात आले तेव्हा तो आठवीत होता आणि सायकलची पडलेली साखळी स्वतःच बसवायचा. आता एकोणतीस वर्षांचा आहे. पंचविसाव्या वर्षापर्यंत त्याला दिसत होतं. पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचं काम करायचा. मग एका डोळ्याचा पडदा सरकला. हैदराबादला तीन ऑपरेशनं झाली, तोवर दुसऱ्याचाही सरकला. चौथ्या खेपेला डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं दोघं परत आले.

तेव्हा घरात कुणी रडल्याचं मला आठवत नाही. अव्वांनी, म्हणजे माझ्या सासूबाई शरणम्मांनी, भाकरी केल्या. आम्ही जेवलो. हे दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं चाकूरला शाळेवर गेले. विरू खिडकीजवळच्या खाटेवर बसला आणि जवळजवळ वर्षभर तिथंच बसला. काहीही सांगा, "बरं" म्हणायचा. अंघोळीला ऊठ, बरं. पाहुणे आलेत, बरं. एकदा आमटीत मीठ टाकायचं माझ्याकडून राहिलं. त्यानं वाटीभर आमटी संपवली. आम्ही जेवायला बसलो तेव्हा कळलं.

मीही तेव्हा फार काही मनाला लावून घेत नव्हते. सकाळी इष्टलिंगाची पूजा करायची, भस्म लावायचं, एकशे आठ मण्यांची माळ ओढायची आणि कामाला लागायचं. देवाकडं काय मागावं ते सुचत नव्हतं, म्हणून मागत नव्हते.

पुढं त्याच्या पुण्याच्या एका मित्रानं लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घालून दिलं. स्क्रीनवर जे असेल ते ते वाचून दाखवतं, बाईच्या आवाजात. विरूनं तो आवाज इतका भरभर लावला होता की आम्हाला नुसती कुरकुर ऐकू यायची.

अव्वा म्हणाल्या, "ही बाई लई बोलती. तिला दम लागत न्हाई का रे?"

"न्हाई अव्वा."

"सासरी नांदायची न्हाई असली."

विरू हसला नाही, पण आवाज थोडा कमी केला.

मागच्या दसऱ्याच्या सुमाराला नांदेडच्या एका छोट्या कंपनीची माहिती कळली. घरी बसून करायचं काम होतं. तिथल्या तनुजा मॅडमनी त्याला परीक्षा म्हणून एक प्रोग्रॅम लिहायला दिला. त्यानं दोन दिवसांत लिहून पाठवला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी तिथंच मेथी निवडत होते.

"सर, काम चांगलं आहे. पण एका ठिकाणी प्रोग्रॅम बंद पडतो. एक एक्सेप्शन तुमच्याकडून सुटलं."

"बरं," विरू म्हणाला.

त्यांनी पुढं सांगितलं की जागा जानेवारी अखेरपर्यंत रिकामी ठेवता येईल. तोवर त्यानं एखादं काम असं करून दाखवावं, जे बाहेरच्या जाणत्या लोकांनी तपासून घेतलेलं असेल. म्हणजे त्यांनाही वर सांगायला बरं पडेल.

मी विचारलं, "एक्सेप्शन म्हणजे काय?"

त्यानं सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. संगणकाला एखादं काम दिलं आणि ते त्याला होण्यासारखं नसलं, की तो थांबतो आणि कशामुळं थांबला त्याचं नाव सांगतो. तारखेच्या जागी कुणी गावाचं नाव लिहिलं तर एक नाव, फाईल जागेवर नसली तर दुसरं. ही नावं ठरलेली असतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आधीच बघून ठेवायचं असतं की कुठलं काम कुठल्या नावानं थांबू शकतं, आणि त्याची सोय करायची असते. ती सगळी माहिती त्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पानांवर असते. इंटरनेटवर फुकट आहेत, हजारो पानं.

"मग तुझं कसं सुटलं?"

"ते निळं नव्हतं, वहिनी."

तो पान पूर्ण ऐकत नाही. तेवढं कोण ऐकणार. तो एक कळ दाबतो आणि ती बाई एका निळ्या शब्दावरून, म्हणजे दाबला की त्याच्या सविस्तर माहितीवर नेणाऱ्या शब्दावरून, पुढच्या निळ्या शब्दावर उडी मारते. त्या पानावर तीन एक्सेप्शनं होती. दोन निळी होती. तिसरं कुणीतरी परिच्छेदाच्या मधोमध साधं लिहून ठेवलं होतं. दिसणाऱ्याला वाचता वाचता दिसलं असतं. विरू त्याच्यावरून उडी मारून गेला.

मला आमच्या गावचा मठ आठवला. श्रावणात स्वामी पुराण सांगायचे. महादेवाचं नाव आलं की आवाज चढवायचे, आणि मागं खांबाआड बसलेल्या आम्हा बायकांना शब्द नाही कळला तरी हात जोडायचं कळायचं. एका वर्षी नवे स्वामी आले. ते कधी आवाज चढवायचे, कधी तसंच सपाट वाचून जायचे. मागच्या बायका अर्ध्या वेळा नुसत्या बसून राहायच्या. विरूला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "बरं" म्हणाला असता.

त्यानं त्या पानांच्या कर्त्या लोकांना कळवलं की एकच गोष्ट इथं निळी, तिथं टाईपरायटरसारख्या अक्षरात, तिसरीकडं साधी, असं का. त्यांचं उत्तर आलं, तुमचं बरोबर आहे, पण आमच्याकडं माणसं कमी आहेत, तुम्हीच दुरुस्त करून पाठवा, तपासून घेऊ. हेच काम नांदेडला दाखवायचं, असं त्यानं ठरवलं.

त्यात अडचण अशी की शब्द निळा आहे एवढं ती बाई सांगते. टाईपाच्या अक्षरात आहे की साधा आहे, ते तिच्या बोलण्यात येत नाही. म्हणून मला बसवलं. माझं शिक्षण बारावीपर्यंत, मराठी शाळेतलं. इंग्रजी अक्षरं लावता येतात, अर्थ लागत नाही. विरू म्हणाला, अर्थ लागत नाही तेच बरं.

जेवणं आवरली की मी तुरीच्या डाळीची परात घेऊन त्याच्याजवळ बसायची. गावाकडची डाळ, खडे निघतात. एक नजर परातीत, एक पडद्यावर. तो शब्द शोधून द्यायचा, मी सांगायची.

"हे?"

"निळं."

"हे?"

"साधं."

"पुढचं?"

"टाईपाचं."

तो पानाचा आणि ओळीचा आकडा लिहून ठेवायचा. शेवटी त्यानंच लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम त्या सगळ्या जागा एकसारख्या निळ्या करणार होता. पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं होतं, "करड्या चौकटीत नाव दिसलं तर सांगा, ते सोडायचं. तिथं संगणक काय बोलला ते जसंच्या तसं दिलेलं असतं."

दोन-तीन दिवस मी सांगितलं. चौकटीत, सोड. चौकटीत, सोड. मग मला ते बरं वाटेना. माळ ओढताना एक मणी निसटला तर मी पुन्हा पहिल्यापासून धरते, सवयच तशी आहे. आणि मनात आलं, विरूसारखं दुसरं कुणी असेल, तेही याच्यावरून उडी मारून जाईल. नाव नाव सारखंच, मग चौकटीतल्यानं काय पाप केलं? मी चौकट सांगायची सोडून दिली. साधं, साधं, साधं, असं म्हणत गेले. यात आपण काही चुकीचं करतोय असं खरंच वाटलं नाही.

डिसेंबर संपताना त्यानं काम पाठवलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. ती बाई भरभर वाचून गेली. मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, "परत आलं. एक्केचाळीस ठिकाणी संगणकाचं बोलणं बदललंय म्हणतात. तो जे बोललाच नाही ते आपण त्याच्या तोंडी घातलं. असं घेता येत न्हाई. सगळं पुन्हा तपासा."

माझ्या हातात तीळ होते. मी ते डब्यात टाकले, झाकण लावलं.

"माझाच प्रोग्रॅम चुकला असंल," तो म्हणाला. "लिहून ठेवलेल्या जागांबाहेर जायचं न्हाई, असं सांगितलं होतं मी त्याला. तरी चौकटीत घुसला कुठंतरी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सण होता, घरात बायका येणार होत्या, ही कारणं नंतर शोधलेली. तो दोन दिवस स्वतःच्या प्रोग्रॅमची एकेक ओळ ऐकत बसला. चूक नव्हतीच, तर सापडणार कुठून. तिसऱ्या दिवशी जेवताना ह्यांना म्हणाला, "दादा, मी नांदेडला कळवून टाकतो. न्हाई जमत आता मला. आधी जमत होतं."

"अजून पंधरा दिवस हायेत की," हे म्हणाले.

"चूक कुठंय तेच कळत न्हाई. पंधरा दिवसांनी तरी कुठून कळंल?"

अव्वांनी त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी ठेवली. तो म्हणाला, "बरं."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसले तर तळहातावर लिंग घेऊन मला डोळे मिटवेनात. मिटले की करड्या चौकटी दिसायच्या. मी पूजा तशीच आटोपली आणि त्याच्या खाटेजवळ जाऊन उभी राहिले. फोन त्याच्या हातात होता.

"विरू, लावलास का फोन?"

"दहा वाजता उघडतंय त्यांचं ऑफिस."

"लावू नकोस. तुझा प्रोग्रॅम बरोबर होता."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं, वहिनी." रागानं नव्हे, नुसतंच म्हणाला.

"चौकटीतली नावं मी तुला साधी म्हणून सांगितली."

त्यानं फोन खाटेवर ठेवला. "दिसली न्हाई का चौकट?"

"दिसली होती."

"मी म्हणलो होतो, सोडायचं."

"म्हणला होतास."

"मग?"

"मला वाटलं, सोडू नये."

"वाटलं?" तो उठून उभा राहिला. गुडघा खाटेला लागला तरी थांबला नाही. "तुम्हाला वाटलं? मी तीन दिवस झाले माझंच डोकं फोडून राहिलो. मी म्हणलं आता हेबी गेलं. डोळे गेलेत वहिनी माझे, अक्कल न्हाई गेली. सोडा म्हणलं तर सोडायचं."

इतका मोठा आवाज त्या घरात फार दिवसांनी झाला. अव्वा पिठाचे हात घेऊन दारात आल्या.

"काय झालं? कोण भांडून राहिलं?"

"वहिनींना इचार," विरू म्हणाला.

"मी चुकले, अव्वा."

अव्वांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "भांडा मग. माझा तवा तापलाय." आणि आत गेल्या.

त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. पाणी दिलं तर "ठेवा" म्हणाला. नांदेडला फोन लावला नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यानं स्वतःच हाक मारली. "परात आणा."

आम्ही पहिल्या पानापासून धरलं.

"हे?"

"साधं."

"चौकटीत?"

"न्हाई."

"हे?"

"चौकटीत. सोड."

"सोडलं."

सोडताना मला दर वेळी जरा लागायचं. ते खोटं कशाला सांगू. पण सोडत गेले. डाळ संपली तर मी तांदूळ घेऊन बसले. तांदळात खडे नव्हते तरी बसले.

सव्वीस जानेवारीला काम गेलं. नांदेडची मुदत एकतीसची. विरू रोज सकाळी त्या बाईला विचारायचा, काही आलं नसायचं. तिकडची माणसं आपापली कामं सांभाळून हे बघतात, त्यांना घाई नव्हती. एकतीस तारीख गेली. हे शाळेतून आले, दारातूनच विचारलं, मी मान हलवली.

सहा फेब्रुवारीला उत्तर आलं. काम घेतलं. दोन ओळी आभाराच्या होत्या. विरूनं ते दोनदा ऐकलं आणि तनुजा मॅडमना फोन लावला. मोठ्यानं बोलायच्या त्या, मला सगळं ऐकू येत होतं.

"मी बघितलं सर, छान झालंय. पण एक तारखेलाच आम्ही दुसऱ्या एकाला घेतलं. माझ्या हातात नव्हतं."

मी "बरं" ऐकायची वाट बघत होते.

"पुन्हा जागा कधी निघंल?" विरूनं विचारलं.

"आत्ता नाही सांगता येणार, सर."

"मग मी एक मार्चला फोन करतो. तेव्हा न्हाई म्हणलात तर एप्रिलात करतो."

मग त्या म्हणाल्या, "करा."

अव्वांनी विचारलं, "काय म्हणली ती बाई? ही न्हाई, नांदेडची."

"जागा भरली."

"हं," अव्वा म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या. मला वाईट वाटलं की नाही ते सांगता येत नाही. मी कपडे वाळत घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ घेऊन बसले होते. साठाच्या पुढं गेले असेन. खिडकीकडून हाक आली.

"वहिनी, दुसरा विभाग बघितला. त्यात निळी नसलेली लई हायेत. येता का?"

माळ हातात असली की मी उठत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यालाही माहीत आहे.

"आणि ह्या वेळी चौकट सांगा," तो म्हणाला.

मी माळ तशीच खुंटीला अडकवली आणि परात शोधायला गेले.